सगळ्यांना एकच डाएट चार्ट? मुलगी पुन्हा जेवायला लागली आणि पाय सुजले

त्रिमूर्तीनगरची आई (सोमवार, रात्री ९.५०)

नमस्कार. आम्ही नागपूरला राहतो. माझी मुलगी १७ वर्षांची, बारावीला, सोबत नीटचा क्लास. दिवाळीनंतर तिचं खाणं कमी होत गेलं. आधी भात सुटला. मग पोळीवरचं तूप ती पेपर नॅपकिनने टिपून काढायला लागली आणि ते नॅपकिन दप्तराच्या आतल्या कप्प्यात कोंबून ठेवायची. एक दिवस दप्तर धुवायला काढलं तर बावीस निघाले, मोजले मी. मार्गशीर्षातले गुरुवार ती माझ्यासोबत करायला लागली तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं. मग संकष्टी, मग एकादशी, मग सोमवार. उपवासाच्या आड पोरगी उपाशी राहून राहिली आहे, हे माझ्या डोक्यात शिरायला फेब्रुवारी उजाडला.

वजन मुद्दाम लिहीत नाही. इथे तिच्यासारख्या मुलीही वाचत असतील, त्यांनी स्वतःला त्या आकड्याशी ताडून पाहू नये. एवढंच सांगते की तिचा सलवारचा नाडा दोन वेढे घेऊन बांधावा लागतो आणि चार महिने पाळी नाही.

मनोविकारतज्ज्ञांनी ॲनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजनाच्या भीतीने खाणं सोडण्याचा आजार, असं निदान केलं. ते नीट बोलले, वेळ दिला. आहारासाठी मात्र आम्ही ओळखीतून रामदासपेठेत एका ठिकाणी गेलो. दहा मिनिटांत हातात चार्ट. झेरॉक्स. वरच्या कोपऱ्यात आधीच्या कुणाचं तरी नाव व्हाइटनरने पुसून त्यावर माझ्या मुलीचं नाव लिहिलेलं, उजेडात धरलं की खालचं नाव दिसतं. सकाळी उठल्या उठल्या केळीचं शेक, नऊला आलूपराठे, अकराला खजूर नि ज्यूस, दुपारी पूर्ण ताट, चारला शिरा, असं रात्री झोपेपर्यंत. पहिल्या दिवसापासून सगळं. मी विचारलं, "मॅडम, ही दोन महिने एक पोळी नि काकडीवर आहे, एकदम एवढं झेपेल का?" त्या म्हणाल्या, "रडेल, पण खाऊ घाला. वजन वाढलं की डोकंही ठिकाणावर येते." रक्त तपासलं ते फक्त हिमोग्लोबिन आणि थायरॉइड.

आम्ही शुक्रवारपासून चार्ट सुरू केला. ती रडली, पण खाल्लं तिने. माझ्यासाठी खाल्लं. आज चौथा दिवस. संध्याकाळी क्लासहून आली, मोजे काढले, तर घोट्यावर मोज्याच्या रबराचा खोल वळ. बोटाने दाबलं तर खड्डा पडतो आणि तसाच राहतो. दोन जिने चढून दम लागला म्हणते, छातीत धडधड होते म्हणते. सासूबाई म्हणतात, "अंगाला लागून राहिलं वं तिच्या, काहून एवढी घाबरते तू?" गल्लीतले डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे, ग्लुकोजची एक बाटली लावून टाकू. मी उद्या आणते म्हणाले.

नेटवर एक जण सांगतो हळूहळू खाऊ घाला, दुसरा सांगतो हळू खाऊ घालणं हाच गुन्हा आहे. चार्ट चालू ठेवू की थांबवू? ही सूज म्हणजे खरंच अंगाला लागणं आहे का?

आहारवाली ताई (सोमवार, रात्री १०.०८)

ताई, बाकीचं उद्या बोलू. आत्ता तिला घेऊन निघा. मेडिकल, मेयो, किंवा घराजवळचं कोणतंही मोठं रुग्णालय, जिथे रात्री ईसीजी आणि रक्ततपासणी होते आणि आयसीयू आहे. नुसती घोट्यावरची सूज असती तर इतकी घाई केली नसती. खायला सुरुवात झाल्यावर ती पुष्कळांना येते आणि बहुतेकदा ओसरते. पण सूज, दम आणि धडधड एकत्र, तेही चौथ्या दिवशी, म्हणजे थांबायचं नाही.

कॅज्युअल्टीत हे शब्द वापरा: "खाण्याचा आजार आहे, दोन महिने जवळपास उपाशी होती, चार दिवसांपासून भरपूर खाणं सुरू केलं, रिफीडिंग सिंड्रोमची भीती आहे." म्हणजे उपाशी शरीराला एकदम भरपूर खाणं मिळालं की रक्तातले क्षार कोसळतात, तो प्रकार. फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि शुगर तपासायला सांगा. नुसतं "इलेक्ट्रोलाइट्स" म्हणालात तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच येतं. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम वेगळं लिहून घ्यावं लागतं.

ग्लुकोजची बाटली गल्लीत अजिबात लावून घेऊ नका. आणि घाबरून तिचं खाणं आपल्या मनाने बंदही करू नका. किती द्यायचं ते तिथे रिपोर्ट पाहून ठरेल.

त्रिमूर्तीनगरची आई (सोमवार, रात्री १०.१५)

निघतो आहोत. हे गाडी काढून राहिले.

निशिगंध_महाल (मंगळवार, सकाळी ७.३०)

काकू, रात्रभर तुमची आठवण होती. जमेल तेव्हा कळवा.

मी २६ वर्षांची आहे. माझी गोष्ट उलट्या बाजूची आहे, म्हणून लिहिते. मी मुळात जाड होते. एकोणिसाव्या वर्षी आठ महिन्यांत खूप उतरले, पण दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यात तरीही "नॉर्मल" रकान्यातच होते. ज्यांना दाखवलं ते म्हणाले, "छान बारीक झालीस, आता एवढंच टिकव." नाडी मिनिटाला ४२ होती, म्हणजे फारच मंद. ती कुणी मोजलीच नाही. बर्डीवर एका दुकानाच्या पायरीवर चक्कर येऊन पडले तेव्हा पहिल्यांदा मोजली.

मग दुसऱ्या शहरात भरती झाले. तिथे आहाराचा ठरलेला कागद होता, अगदी अतिकृश रुग्णांसाठी बनवलेला. दिवसाला इतकं कमी की घरी मी त्याहून जास्त खात होते. पहिले काही दिवस सांभाळून घेणं बरोबरच होतं, रोज रक्तही घेत होते, आणि रिपोर्ट चांगले येत होते. पण रिपोर्ट चांगले आले म्हणून कुणी कागद बदलला नाही. तीन आठवडे तेच. माझं वजन रुग्णालयात राहून उतरलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आजाराला तो कागद फार आवडला. डॉक्टरांनीच एवढं खायला सांगितलंय म्हणजे माझं बरोबरच होतं, असं मी आईला ठासून सांगायचे. घरी आल्यावरही मी तोच कागद पुढे करायचे. तो माझ्या हातून सोडवायला आईला वर्ष लागलं.

नंतर नागपुरातल्याच एका फिजिशियननी आणि आहारतज्ज्ञांनी मिळून रिपोर्ट बघत बघत खाणं वाढवलं. तेव्हा जी भूक उघडली तिची कुणी कल्पना दिली नव्हती. रात्री दोनला मी ओट्यापाशी उभी राहून चिवड्याचा डबा खाली करायचे. डिसेंबरातल्या थंडीत चादर घामाने ओली व्हायची. आईला वाटलं आता दुसरा आजार लागला. छापील चार्टमध्ये या भुकेला जागाच नव्हती. त्यात होतं, "ठरलेल्या वेळेबाहेर खाऊ नये." त्या एका ओळीपायी मी स्वतःला किती शिव्या घातल्या असतील!

इथे वाचणाऱ्या कुणाला घरी बोलता येत नसेल तर टेली-मानस, १४४१६. मराठीत बोलतात.

आहारवाली ताई (मंगळवार, दुपारी ३.२०)

आज ड्यूटी संपवून लिहिते आहे. निशिगंध, तू लिहिलंस ते माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीने वाचावं असं आहे. त्या रात्रीच्या भुकेबद्दल खाली सांगते.

ताईंनी काल विचारलं होतं, सूज म्हणजे अंगाला लागणं का? उपाशी शरीर साखरेवर चालत नाही, ते आपली चरबी आणि स्नायू जाळतं. इन्शुलिन खाली गेलेलं असतं. अशात एकदम शिरा, ज्यूस, शेक किंवा ग्लुकोजची बाटली आली की इन्शुलिन उसळतं आणि साखरेबरोबर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून नेतं. पेशींना ऊर्जा बनवायला फॉस्फरस लागतं, आणि साठा तर आधीच संपलेला. मग हृदयाचे ठोके चुकतात, श्वासाचे स्नायू थकतात, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पाय सुजतात. याच घाईत बी-१, म्हणजे थायमिन, संपलं तर मेंदूला इजा होते. म्हणून थायमिन खाण्याच्या आधी किंवा सोबत देतात, नंतर नाही.

आता फसवणारी गोष्ट. खाणं सुरू करण्याआधी फॉस्फरस तपासलं तर ते बऱ्याचदा नॉर्मल येतं. किराणा दुकानाच्या फळीवर चार डबे मांडलेले असतात आणि मागचं गोदाम रिकामं, तसं. फळी रिकामी होते ती गिऱ्हाईक सुरू झाल्यावर, बहुतेकांची पहिल्या आठवड्यात. म्हणून पहिल्या दिवसाचा चांगला रिपोर्ट पाहून निर्धास्त व्हायचं नसतं. सुरुवातीला तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

मी नोकरीची पहिली तीन वर्षं मेळघाटात, पोषण पुनर्वसन केंद्रात काढली. तिथे अतितीव्र कुपोषित बाळांना आधी एफ-७५ नावाचं हलकं दुधाचं मिश्रण देतात, १०० मिलीला ७५ कॅलरी, सुरुवातीला दर दोन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. बाळ सावरलं, भूक परतली, सूज उतरायला लागली, की मगच त्याहून दाट एफ-१००. लोहाचं औषधदेखील पहिल्या टप्प्यात देत नाहीत. तिथे ठरलेली पद्धत आहे आणि ती जीव वाचवते, हे मी माझ्या हातांनी पाहिलंय. पण त्या पद्धतीतही पुढचा टप्पा तारीख पाहून येत नाही, बाळ पाहून येतो. कोरकू आया मला वाटी दाखवून म्हणायच्या, आज याने स्वतः तोंड पुढे केलं. ती खूण कुठल्याही कागदावर पहिली लिहावी अशी. शहरात आल्यावर मात्र मी पाहिलं की कागद तेवढा उचलला जातो आणि बाळाकडे बघणं राहून जातं.

ही चूक जुनी आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात साखर, पीठ, दूधभुकटी आणि मीठ यांचं एक मिश्रण वापरलं होतं. १९४५ च्या एप्रिलमध्ये बेल्सनची छळछावणी मुक्त झाली तेव्हा ब्रिटिशांनी तेच "बंगाल फॅमिन मिक्श्चर" तिथे नेलं. तिथल्या बहुतेकांना ते इतकं गोड लागलं की गिळवेना. उपाशी माणूस समोर येईल ते खातो, असं भरल्या पोटीच वाटतं.

"हळू की जोरात" या भांडणाबद्दल. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००६ मध्ये सांगितलं की जास्त धोका असलेल्यांना वजनाच्या किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त १० कॅलरींपासून सुरुवात करा, अगदी टोकाच्या रुग्णांत ५. भीतीपोटी हा नियम सरसकट सगळ्यांना लागला आणि निशिगंधसारख्या मुली रुग्णालयात राहून आणखी वाळल्या. मग कॅलिफोर्नियातल्या दोन रुग्णालयांत १२ ते २४ वयाच्या रुग्णांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. एका गटाला दिवसाला एकूण १४०० कॅलरींपासून, दुसऱ्याला २००० पासून. जास्त खाणारा गट साधारण तीन दिवस आधी स्थिरावला आणि इलेक्ट्रोलाइटच्या तक्रारी दोन्हींत सारख्याच निघाल्या. आता हाच अभ्यास दाखवून काही जण म्हणतात, सगळ्यांना २००० पासून सुरू करा. ते लोक पुढचं वाचत नाहीत. ते रुग्ण भरती होते, त्यांच्यावर सतत लक्ष होतं, आणि सगळ्यात जास्त खंगलेल्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. त्रिमूर्तीनगरच्या घरात, फॉस्फरस न तपासता, क्लासला जाणाऱ्या मुलीसाठी तो अभ्यास नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सच्या २०२२ च्या सूचनांत तर दोन्ही धोके लिहिलेत, घाईने भरवण्याचा आणि कमी भरवण्याचाही.

माझ्यासमोर कुणी बसलं की मी आधी आजचं वजन बघत नाही. किती उतरलं आणि किती दिवसांत, हे विचारते. निशिगंधची नाडी त्यामुळेच ४२ वर गेली होती, वजन नॉर्मल असून. गेल्या दहा दिवसांत खरोखर काय पोटात गेलं? उलट्या काढते का, जुलाबाच्या गोळ्या घेते का? घेत असेल तर पोटॅशियम आधीच खाली असतं, आणि गोळ्या एकदम थांबवल्या तरी अंगावर सूज येते. मधुमेह आहे का, आणि वजनासाठी इन्शुलिन चुकवते का? उपवास कोणते धरते? दूध चालतं का? दूध विचारते कारण त्यातून फॉस्फरस चांगलं मिळतं आणि आपल्या घरांत ते असतंच, तर साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. दहा दिवसांच्या उपाशी पोटी खिचडीची ताटली हा वाईट पहिला घास. आणि जठर मंदावलेलं असतं. दुपारचं वरणभात संध्याकाळीही पोटात बसल्यासारखं वाटतं, ते नाटक नसतं.

रात्रीची भूक. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून मग पुन्हा खाऊ घातलं होतं. त्यांच्यात वजनाची भीती असलेलं कुणी नव्हतं. तरी बेताचं वाढलेल्यांची प्रकृती सुधारेना, आणि हवं तेवढं खायला मिळाल्यावर ते भरल्या पोटीही भूक लागलीय म्हणत राहिले. निशिगंध, चिवड्याचा डबा रिकामा करण्यात तुझी काही चूक नव्हती. शरीर आपलं घर पुन्हा बांधत होतं, आणि त्या टप्प्यावर गरज वाढते. चार्ट तेव्हाही बदलायला हवा होता.

कुणीतरी मेसेज करून माझ्याकडे चार्ट मागितलाय. मी इथे देणार नाही, रागावू नका.

त्रिमूर्तीनगरची आई (पुढचा सोमवार, दुपारी १२.४०)

आत्ता सवड मिळाली. त्या रात्री फॉस्फरस १.६ आलं. तिथल्या निवासी डॉक्टर म्हणाल्या, साधारण २.५ ते ४.५ असावं. ईसीजीतही फरक होता. लगेच मॉनिटर लावला, शिरेतून फॉस्फेट, थायमिनची इंजेक्शनं, आणि खाणं कमी केलं पण बंद नाही केलं. चार दिवस रोज सकाळी रक्त. तिचे दंड दोन्हीकडे काळेनिळे झालेत. शुक्रवारी २.९ आलं तेव्हा त्या डॉक्टर स्वतः येऊन मला सांगून गेल्या, मी त्यांचा हात धरून रडले.

सूज अजून थोडी आहे. इथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या दिवशी तासभर नुसतं विचारलं, आणि मला नाही, तिला. तिने सांगितलं की केळीच्या शेकचा वास आला की तिला मळमळतं, पण ताक आणि मऊ वरणभात जमेल. चार दिवस तिला तोच शेक पाजत होते मी, सकाळी सहाला, नाक धरून प्यायची. मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. आता थोडं थोडं सहा वेळा असतं, रिपोर्ट पाहून वाढतं, काल वाढवलं. तिला चिडायला परवानगी आहे, असं बाईंनी तिच्यासमोर मला सांगितलं. सासूबाई रोज डब्यात ताक आणतात. लाडूंचा डबा त्यांनी स्वतःच कपाटात वर ठेवून दिला आणि म्हणाल्या, "मले काय माहीत होतं वं."

झेरॉक्स चार्ट मी फाईलमध्ये ठेवलाय. व्हाइटनरखालचं नाव दिसतं तेव्हा वाटतं, ही दुसरी मुलगी कुठे असेल? तिचं फॉस्फरस कुणी पाहिलं का? त्या ठिकाणी पत्र लिहिणार आहे, भांडायला नाही, एवढंच विचारायला की खाणं सुरू करण्याआधी काय तपासता. बाकी आई-वडिलांना काय विचारावं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून लिहिते: आधी कोणत्या तपासण्या, त्या पुन्हा किती दिवसांनी, काय दिसलं तर रात्री-बेरात्री तुम्हाला फोन करायचा, आणि हा कागद कधी बदलणार. यातल्या एकाचंही उत्तर नसेल तर घरी येऊन शिरा करू नका.

बुधवारी सुट्टी मिळेल म्हणतात. पुढच्या आठवड्यात पाडवा आहे. आमच्याकडे पुरणपोळी असतेच. करू की यंदा राहू देऊ? तिच्यासमोर सगळ्यांनी खावं का?

निशिगंध_महाल (पुढचा सोमवार, दुपारी १.१५)

काकू, किती बरं वाटलं वाचून!

माझ्या आईने पहिल्या पाडव्याला मला आधी विचारलं होतं. मी म्हटलं, घरात कर, माझ्या ताटात वाढू नको, आणि "एकच खा" असं म्हणू नको. संध्याकाळी मी आपणहून गार पुरण चमचाभर खाल्लं, पातेल्यातूनच. आई भांडी घासत होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. पण माझ्यासोबत भरती असलेल्या मैत्रिणीला घरात पुरणाचा वास आला तरी त्या वर्षी दिवसभर खोलीचं दार उघडवलं नाही. तुमच्या लेकीलाच विचारा, पाडव्याच्या सकाळी नाही, दोन दिवस आधी, ती शांत असेल तेव्हा. आणि बुधवारी निघताना तुमच्या आहारतज्ज्ञ बाईंनाही विचारून घ्या. पुरण म्हणजे डाळ आणि भरपूर गूळ, आणि तिचा अजून दुसराच आठवडा चालू आहे.